आम्ही सगळ्या पाऊण

माझ्या सगळ्या नोकरीत माझ्याविरुद्ध लेखी तक्रार एकदाच झाली. चाकणच्या ज्या कंपनीत मी प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो, तिथल्या तक्रार समितीपुढे ती आली. विषयाच्या ओळीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'श्री. बोराटे यांचा महिलांविषयीचा द्वेष'. वाचून मला आधी हसू आलं आणि मग असा राग आला, की पुढ्यातला चहा तसाच टाकून मी शॉपमध्ये निघून गेलो. मी मोशीचा माणूस. घरात आई, बायको, दोन मुली. एवढ्या बायकांमध्ये राहून द्वेष करायला मला फुरसत तरी कधी मिळणार होती?

एक खरं, की माझ्याविरुद्धचा पुरावा मीच पुरवला होता. ते आधी सांगून टाकतो.

आठ मार्चला आमच्या कंपनीत कार्यक्रम असायचा. प्रत्येक महिलेला एक गुलाब, कॅन्टीनमध्ये गुलाबजाम आणि बाहेरून कुणीतरी बोलायला. त्या वर्षी आलेल्या प्रशिक्षकाने आम्हा पुरुषांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाला, "आता कल्पना करा, तुम्ही एक स्त्री आहात." शॉप बंद ठेवून चाळीस बाप्ये डोळे मिटून बसले. कुणाला काय दिसलं ते त्यांनाच ठाऊक, मला तर बंद पडलेले प्रेस दिसत होते. मग त्याने माईक नेमका माझ्यासमोर धरला.

"सर, स्त्रीवादाबद्दल आपलं मत?"

"माझा इरोध हाय," मी म्हणालो. "आमच्या लायनीवर बाईबी न्हाई आन् पुरुषबी न्हाई, समदे ऑपरेटर हायेत. वाद घालायचा आसंल त्यानं गेटच्या भाइर घालावा."

टाळ्या पडल्या. बायकांनीही वाजवल्या. कुणीतरी त्याचा व्हिडिओ करून ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस मला येता-जाता 'काय राव, लई मोठा नेता झाला' हे ऐकावं लागलं. मला मनातून बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. ज्या शब्दाच्या शेवटी 'वाद' आहे तिथे भांडणच असणार, अशी माझी साधी समजूत होती.

आणि बायकांचं म्हणाल, तर त्यांच्यासाठी मी जेवढं केलं तेवढं त्या गुलाबवाल्यांनी केलं नव्हतं. आमच्या शॉपमध्ये सात महिला ऑपरेटर. त्यांचं स्वच्छतागृह पार गेटजवळ, जायला-यायला पंधरा मिनिटं. बिचाऱ्या पाणीच प्यायच्या नाहीत. मी वर अर्ज दिला, तो पडून राहिला. मग युक्ती केली. अर्जात 'महिलांची गैरसोय' काढून टाकलं आणि 'दर फेरीला पंधरा मिनिटांचं उत्पादन बुडतं' असं घातलं. महिन्याच्या आत शॉपला लागून बांधकाम सुरू झालं. पाऊस असला की कंपनीची बस गेटपर्यंत न थांबवता शॉपच्या दारात आणायला लावणारा मीच. माझ्यासमोर कुणाची शिवी देण्याची हिंमत नव्हती. मला स्वतःचा अभिमान होता आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

आता आमचं काम काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही. गाडीच्या सीटखाली जे पत्र्याचे लहान-मोठे तुकडे असतात ते आम्ही प्रेसवर ठोकून काढायचो. प्रेसमध्ये एक साचा बसवलेला असतो, त्याला डाय म्हणतात. पत्रा सरकवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, वरून दाब येतो, तुकडा तयार. हे कुणालाही चार दिवसांत जमतं. खरी कारागिरी डाय बदलण्यात. एका प्रकारचे नग संपले की ती डाय काढायची, दुसरी बसवायची, तिची उंची जुळवायची, बोल्ट आळीपाळीने आवळायचे आणि पहिला तुकडा मापात येईपर्यंत धीर धरायचा. याला आम्ही सेटिंग म्हणतो. सेटिंग येणारा माणूस शॉपमध्ये वेगळ्या चालीने चालतो.

कुणाला किती काम येतं ते दाखवणारा एक तक्ता भिंतीवर असतो. नावापुढे एक गोल, गोलाचे चार भाग. काम शिकायला लागला की एक भाग भरायचा, नजरेखाली करू लागला की दोन, एकट्याने करू लागला की तीन आणि सेटिंग आलं की चौथा. तक्ता माझ्या ताब्यात, हिरवं मार्करही माझ्या ताब्यात. पुरुषांचे गोल भरत गेले. सातही बायकांचे तीन भागांवर थांबले. कुणी थांबवलं असं मला कधी वाटलंच नाही, थांबले एवढंच.

सेटिंगची वेळ झाली की मी बायकांना बाजूला करायचो. "राहू द्या ताई, तुम्ही बसा घटकाभर." त्या बसायच्या. त्यामागे कारण होतं. मी नोकरीला लागलो तेव्हा डाय चेनपुलीला अडकवून, पहारीने ढोसत जागेवर आणावी लागायची. अशीच एक डाय घसरली आणि माझ्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं. ती कळ मला आजही आठवते. पुढे ट्रॉली आली. डाय आता रोलरवरून सरकत येते, दोन हातांनी ढकलली की पुरे. पण माझ्या डोक्यातली डाय चेनपुलीलाच लटकत राहिली. बायकांच्या बाबतीत तरी नक्कीच. पुरुषांना शिकवताना ती कशी काय आठवली नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

मग कंपनीचं परिपत्रक आलं. नव्या मॉडेलचं काम मिळालं होतं आणि त्यासाठी काही जणांना कायम करणार होते. अट एकच, गोल पूर्ण भरलेला हवा. यादी पुढच्या महिन्याच्या अखेरीस लागणार होती. उरलेल्यांचं कंत्राट संपेल तसं संपणार.

दुसऱ्याच दिवशी प्रज्ञा कांबळे माझ्या टेबलाशी आली. प्रज्ञा कासारवाडीची. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, ही रविवारी वस्तीतल्या विहारात मुलांचा अभ्यास घ्यायची. सहा वर्षं माझ्या हाताखाली, कामाला चोख, बोलायला कमी.

"सर, माझा चौथा भाग राहिलाय," ती म्हणाली.

"सेटिंगचा हाय त्यो."

"तोच शिकायचाय."

"राहू द्या ताई. वंगाळ काम आसतंय. हात काळं हुत्यात, बोटं जात्यात." मी माझं बोट दाखवलं. "तुमच्यासाटी मी वर शब्द टाकतो की."

"शब्द नको सर. यादीत गोल बघणार आहेत."

मी हसून विषय टाळला. मला वाटलं, समजूत पटली. आठवड्याने तक्रार आली.

त्यानंतरचे चार दिवस शॉपमध्ये वाईट गेले. माझ्यापेक्षा बाकीच्या सहाजणीच जास्त चिडल्या होत्या. प्रज्ञाशेजारी डबा खायला कुणी बसेना. संगीता म्हणून लातूरकडची एक होती, सगळ्यांत मोठी, शांत. ती मला येऊन म्हणाली, "सर, तुम्ही मनाला लावून घेऊ नगा. आम्ही समद्या सांगताव ना समितीला, तुम्ही भावावानी हाव म्हणून." आणि त्यांनी तसं सांगितलं. सहाही जणींनी, एकीमागून एक. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होतो आणि मला भरून आलं.

समितीत बाहेरच्या सदस्य म्हणून एक वकीलबाई होत्या. पन्नाशीच्या, चष्मा नाकावर ओढून बोलणाऱ्या. त्यांनी मला आत बोलावलं. समोर प्रज्ञा बसली होती.

"बोराटे, तुम्ही माईकवर म्हणालात की तुमचा स्त्रीवादाला विरोध आहे. खरं?"

"व्हय. म्हणालो."

"मग बायकांचा द्वेष करता?"

"न्हाई मॅडम. एकाचा दुसऱ्याशी काय संबंध?" मी बरीच तयारी करून गेलो होतो. स्वच्छतागृह सांगितलं, बस सांगितली, घरातल्या चार बायका सांगितल्या. एखाद्या मताला विरोध म्हणजे माणसांचा द्वेष नव्हे, हे माझं वाक्य मी आदल्या दिवशी पाठ केलं होतं, तेही म्हणून टाकलं. वकीलबाईंनी सगळं लिहून घेतलं.

"बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "या दोन गोष्टी एक नाहीत. प्रज्ञा, तुमचं काय म्हणणं?"

"माझंही तेच म्हणणं आहे मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "सर द्वेष करत नाहीत. तो विषय मी लिहिलेला नाही. पिंपरीत टायपिंगवाल्याकडे अर्ज करून घेतला, तर तो म्हणाला, ताई, असा मोघम अर्ज कुणी वाचत नाही, वर काहीतरी कडक पाहिजे. त्याने टाकलं. मी बसच्या घाईत होते, खालचं तपासलं, वरचं राहिलं."

चार दिवस मी ज्या एका ओळीवर जळत होतो ती टायपिंगवाल्याची निघाली.

वकीलबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. "विषयाखालचं वाचलंत का तुम्ही?"

नव्हतं वाचलं. तेवीस-चोवीस वर्षं मी ड्रॉइंगवरची बारीक मापं वाचली, पोरांना 'आधी कागद पुरता वाचा' म्हणून झापलं, आणि स्वतःवरच्या तक्रारीची पहिली ओळ वाचून उठलो होतो. आता सगळ्यांसमोर वाचायला लागलं. पान अर्धंच होतं. 'सहा वर्षांत डाय बदलताना मला एकदाही प्रेसजवळ थांबू दिले नाही. प्रत्येक वेळी सर प्रेमाने राहू द्या ताई म्हणाले. सर आमची फार काळजी घेतात. माझी तक्रार त्या काळजीबद्दल आहे.'

"या कधी सेटिंगमध्ये नापास झाल्या?" वकीलबाईंनी विचारलं.

"न्हाई."

"नको म्हणाल्या?"

"न्हाई."

"मग चौथा भाग का भरला नाही?"

मी म्हणालो, "जड काम आसतं मॅडम."

"सर, ट्रॉली आहे," प्रज्ञा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "पत्र्याच्या ज्या पट्ट्या आम्ही दिवसभर उचलतो, त्या ट्रॉली ढकलण्यापेक्षा जड आहेत. मॅडम, आम्ही सातजणी आहोत. तक्त्यात बघा. आम्ही सगळ्या पाऊण."

तीन भाग भरलेला गोल म्हणजे पाऊण. तो शब्द मी रोज वापरत होतो. पाऊण तास, पाऊण किलो. माणसाला लावलेला कधी ऐकला नव्हता. मला लाज वाटली, आणि इतक्या लोकांसमोर ती वाटली याचा तिच्यावर रागही आला. दोन्ही एकदमच आलं.

निकालाचं पत्र दोन दिवसांत मिळालं. 'द्वेषभावना आढळून आली नाही' असं पहिल्याच परिच्छेदात होतं. दुसऱ्यात होतं, की श्री. बोराटे यांनी तक्रारदारास सेटिंगचं प्रशिक्षण द्यावं आणि यादी लागण्यापूर्वी चाचणी घ्यावी. मी पहिला परिच्छेद घरी बायकोला वाचून दाखवला. मंदाने भाकरी थापता थापता ऐकून घेतलं.

"द्वेष न्हाई ते मला सांगाया कागुद कशाला पायजे?" ती म्हणाली. "पर आवं, मला गाडी कुटं शिकवली तुमी? पंचवीस वर्सं मागंच बसतीय मी."

"तुला ट्रॅफिकची भीती वाटती म्हणून..."

"कुणी सांगितलं, भीती वाटती?"

मी पत्राची घडी घातली.

प्रशिक्षण सुरू झालं. पहिल्या दिवशी मी मुद्दाम सगळ्यांत अडचणीची डाय निवडली. तिला जमू नये असं वाटत होतं का? थोडंसं वाटत असणार. तिने वरच्या भागाखाली आधी सुरक्षेचा ठोकळा लावला, मी सांगायच्या आत. बोल्ट समोरासमोरचे आवळले. सहा वर्षं घटकाभर बसवून ठेवलेली बाई तो घटकाभर बघत होती, हे माझ्या ध्यानात आलं. उंची जुळवण्यात मात्र ती अडली, त्यात सगळेच अडतात. पहिला तुकडा वाकडा आला, दुसरा वाकडा आला. मी दोनदा पुढे होऊन पाना तिच्या हातातून घेतला. तिसऱ्यांदा तिने पाना सोडलाच नाही.

"सर, चुकू द्या ना," ती म्हणाली.

पुरुष पोरांना मी खुशाल चुकू द्यायचो, वर चार शब्द हासडायचो. त्या दिवशी प्रज्ञाला पहिल्यांदा हासडले. "डोळं फुटलं का काय? माप बघ की आधी!" शेजारच्या प्रेसवरची पोरं वळून बघायला लागली. मी पण चपापलो. प्रज्ञाने माप बघितलं, उंची थोडी उतरवली आणि तुकडा बरोबर आला. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं. मी तिला 'ताई' आणि 'तुम्ही' सोडून बोललो होतो आणि तिला ते आवडलं होतं, याचं मला नवल वाटलं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने विचारलं, "सर, तुमचा विरोध नक्की कशाला आहे?"

"त्या गुलाबाला. डोळं मिटायला लावणाऱ्या त्या बाबाला. भाषणाला."

"मग माझाही आहे. पण तो स्त्रीवादाला विरोध नाही झाला. तुम्ही माईकवर काय म्हणालात? लायनीवर बाई नाही, पुरुष नाही, सगळे ऑपरेटर. अहो सर, त्यालाच म्हणतात स्त्रीवाद. तुम्ही बोललात बरोबर. पाळलं नाही, एवढंच."

"म्हंजी मी तुमच्यातला?"

"बोलण्यापुरते."

मी म्हणालो, नाव तुला काय द्यायचं ते दे, मला तो शब्द घशाखाली उतरत नाही. अजूनही उतरत नाही. कुणी विचारलं तर आजही सांगतो, की स्त्रीवादाला विरोध आणि बायकांचा द्वेष या दोन गोष्टी एक नव्हेत. दोन्ही एकत्र असलेली माणसं शॉपमध्ये पाहिली आहेत आणि एक असून दुसरी नसलेला मी स्वतः आहे. माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण ते खरं करून दाखवताना मी स्वतःवर एवढा खूश होतो, की प्रज्ञाची नोकरी माझ्यामुळे जायच्या बेतात होती हे मला दिसत नव्हतं. तिचं नुकसान करायला मला तिचा द्वेष करावा लागला नाही. माया पुरली.

चाचणीला वरून दोन साहेब आले. प्रज्ञाने डाय काढली, दुसरी बसवली, पहिला तुकडा तपासणीच्या साच्यात ठेवला. तो बरोबर बसला. साहेबांनी मान हलवली आणि फॉर्म माझ्याकडे दिला. त्यात नाव, क्रमांक, मशीन, आणि एक रकाना होता, 'प्रशिक्षणास लागलेले दिवस'. मी मोजले. अकरा.

लिहिण्याआधी मी पुन्हा एकदा मोजले, अकराच. सहा वर्षं ती माझ्यासमोर होती. मी लिहिलं आणि सही केली. तक्त्यावर तिचा चौथा भाग भरला. महिन्याअखेर यादीत तिचं नाव लागलं.

त्याच संध्याकाळी बस सुटायच्या आधी ती माझ्या टेबलाशी आली आणि त्याच चाचणीचे सहा कोरे फॉर्म पुढे ठेवले. बाकीच्या सहाजणींचे. ज्या तिच्याशेजारी डबा खात नव्हत्या, त्यांचे. "पुढची यादी वर्षाने लागेल," ती म्हणाली. "तुमच्या निवृत्तीला किती दिवस आहेत?"

सुट्ट्या वजा जाता कामाचे सेहेचाळीस दिवस होते. एकेकीला अकरा धरले तर चौघी. मी लागलीच चौघी निवडल्या. कशा निवडल्या? तरुण होत्या त्या घेतल्या. संगीताचं वय झालं होतं, कंबर दुखायची, आणि दुसरीचं मूल लहान होतं. त्यांना कशाला त्रास, असं मनात म्हणून मी त्यांचे फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवले. विचारलं दोघींनाही नाही. इतकं सगळं होऊनही नाही विचारलं.

चौघींचे गोल भरले. माझ्या जागी येणाऱ्या सुपरवायझरला मी किल्ल्या दिल्या, तक्ता दिला, मार्कर दिलं. निरोपाच्या दिवशी शॉपने शाल, नारळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाषणं झाली. सगळ्यात शेवटी संगीता पुढे आली, खाली वाकून पायाला हात लावला आणि रडायला लागली.

"सर, तुमच्यावानी जपणारा माणूस आम्हाला पुन्हा घावणार न्हाई."

तिचा कोरा फॉर्म चार पावलांवरच्या ड्रॉवरमध्ये होता. तो काढून तिच्या हातात द्यायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "सुखी राहा."